कानात सांगायचं नाव

धैर्यशीलनं तुरीनहून यादी पाठवली,
अकरा नावं, रात्री दीडला.
खाली लिहिलं, आक्का, तू आत्या,
कानात तूच सांगणार.
जिभेवर बसतंय का बघ.

उद्यमनगरात आमचं लेथचं दुकान.
बिलबुकाच्या मागच्या पानावर नावं उतरवली
आणि गिऱ्हाईक नसताना मोठ्यानं म्हणत बसले.
मत्तेओ. रेन्झो. सान्तीनो.
शेजारच्या टर्नरनं यंत्र बंद केलं,
वहिनी, कुठल्या कंपनीचं बेअरिंग हे?

लापो नको. पोरगं जन्मभर लपत फिरेल.
पिओ तर मुळीच नको,
गंगावेशीत म्हशीखाली बसलेला बापू
नाव ऐकून पेलाच भरेल.
उगो?
उगाच वाटलं. काट मारली.

आप्पांना विचारलं.
ते शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर, तीस वर्षं.
एकदा तिकडनं यंत्र आलं होतं, लाकडी खोक्यात.
खोक्यावर लाल अक्षरं. साहेबानं वाचून दाखवली,
फ्राजिले.
त्यांना वाटलं, यंत्राचं नाव.
पुढची अकरा वर्षं
फ्राजिलेला तेल घाला, फ्राजिले तापलीय,
आज फ्राजिलेचा मूड नाही.
तेच ठेवा, म्हणाले. दणकट आहे.

व्हिडिओवर ओर्नेलाला सांगितलं.
ती हसली, हसताना पोटावर हात धरला,
मग म्हणाली, आप्पा, त्याचा अर्थ
जपून उचला, फुटेल.
आप्पा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

इटली म्हटलं की जुनी माणसं
त्या विशीतल्या राजाचं सांगतात,
करवीरचा, परतताना फ्लोरेन्सात गेला.
दोन नद्या मिळतात तिथं अग्नी दिला त्याला,
परक्या देशाच्या रात्रीत.
हौसाक्का म्हणाल्या, तिकडचं नाव म्हणजे
असं काहीतरी परत न येणारं.
मी म्हटलं, आक्का, हा तर येतोय,
मंगळवारी, मुंबईला उतरून.

आला. अडीच महिन्यांचा,
टाळूवर तांबूस लव,
मुठी आमच्या घराण्याच्या, सुटत नाहीत.
ओर्नेला दारात म्हणाली, मी आलो.
मराठी नवऱ्याकडून शिकली, पुरुषासारखी बोलते.
कोल्हापुरात आम्हीही तसंच बोलतो,
चूक कुणाला दिसलीच नाही.

बारशाला मंगळवार पेठ अर्धी आमच्या माडीवर.
पाळणा, घुगऱ्या, वरवंट्याला घातलेलं झबलं.
नाव अजून ठरलं नव्हतं.
यादी माझ्या ब्लाउजमध्ये, घामानं मऊ.
मत्तेओ म्हणायचं असं मनाशी धरलेलं,
तेवढ्यात पोरानं भोकाड पसरलं.

आणि सगळ्या बायका एकदम,
हौसाक्का, टर्नरची आई, भांडकुदळ मालूसुद्धा,
उगी, उगी, उगी,
उगी रे.

ओर्नेलानं मान वर केली.
यांना कुणी सांगितलं?
काय?
उगो.

तिचा आजा. सायकलच्या कारखान्यात रिम वळवायचा.
तिनं मुद्दाम दहावं लिहिलं होतं,
कुणाला भीड पडू नये म्हणून.
आणि मी काट मारलेली,
बॉलपेननं, दोनदा.

धैर्यशील खिडकीकडे बघत होता.
लहानपणी तो रडला की
मीच कडेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचे,
हेच म्हणत.
त्याला आठवत असेल का, विचारलं नाही.

वाकले.
पाठीत पहिला धपाटा हौसाक्कांचा,
भाकरी थापून थापून घडलेला हात.
दुसरा, तिसरा, मोजायचं सोडलं.
कानाशी दुधाचा आंबूस वास.
कुर्र, म्हटलं,
आणि ते नाव सांगितलं
जे मला चाळीस वर्षं येत होतं.

पोरगं काही गप्प झालं नाही.