तीन बोटं जास्त

अण्णांच्या कोयत्याखालून जे उडतं
त्याला आमच्या घरात नाव नव्हतं.
चोय निघाली की सूप, कामटी निघाली की टोपली.
उरलेलं, म्हणजे गाठी, कुसं, फाटकी पेरं,
आई पायाने कोपऱ्यात सारायची
आणि पहाटे बंबात घालायची.
आमच्या सगळ्यांच्या अंघोळी त्यावर झाल्या,
अंगाला आधी धुराचा वास, मग साबणाचा.

आता मी ते पोत्यात भरून माटुंग्याला नेते.
तिथल्या प्रयोगशाळेत मी काचा धुते, वजनं करते.
कुरियन मॅडमनी एकदा विचारलं,
तुझ्या तळव्यात ही कुसं कसली?
सांगितलं.
म्हणाल्या, घेऊन ये.

पहिल्या पोत्यात परळच्या टॉवरवरून उतरवलेली
परांची होती, सिमेंटचे शिंतोडे वाळलेली.
ग्राइंडरचं पातं गेलं.
दुसऱ्या पोत्यापासून मी घरीच निवडू लागले,
तांदूळ निवडावेत तसं, ताटात.

दळायचं. चाळायचं.
मग गोल बुडाच्या चंबूत, दाट द्रवात,
आम्लाचे मोजके थेंब, दीडशे अंश,
आणि दोन तासांत
वेळू म्हणून जे काही असतं ते विरघळतं.
काळं, चिकट, काकवीसारखं.
पहिल्यांदा मला कसंसंच झालं.
जन्मभर जे वाकलं, चिरलं गेलं, पण मोडलं नाही,
ते चमच्यावरून ओघळत होतं.

त्यात दुसरी बाटली ओतायची,
दहा आकडे मोजेपर्यंत ढवळायचं
आणि हात काढून घ्यायचा.
कप गप्प.
मग तळातून ते फुगत येतं,
काठ ओलांडतं, वर टोपी चढवतं
आणि थांबतं, आपलं आपल्याला कळल्यासारखं.

चाळीस वेळा कळलं नाही.
बसलं, फाटलं,
बिघडल्या खरवसासारखं पाणी सुटलं.
एक्केचाळिसाव्याला मॅडमनी वहीत लिहिलं:
फोम, नमुना ४१.
कच्चा माल – धोंडीराम नागे, बुरूड गल्ली, भायखळा.
रेशनकार्डानंतर अण्णांचं पूर्ण नाव
मी प्रथमच कुठे वाचलं.

तुकडा घरी नेला.
हाताला वजन लागेना म्हणून अण्णा आधी चिडले,
हे काय, पाव?
मग अंगठा दाबला,
तो, ज्याला नख अर्धंच आहे.
खड्डा पडला.
आम्ही दोघं बघत बसलो.
खड्डा हळूहळू भरून आला.

म्हणाले, पोकळच आहे की.
बांबू पोकळ. टोपली पोकळ.
आपण पोकळीला कडा बांधत आलो,
तुम्ही ती बारीक दळलीत, एवढंच.

काचसामानाला चालेल, आंब्याच्या पेट्यांना चालेल,
थर्मोकोलच्या जागी बसेल, मॅडम म्हणतात.
कधी, ते म्हणत नाहीत.
किलोला चार रुपये देतात, पावतीवर सही घेऊन.
आई ते पदराच्या गाठीत बांधते आणि विचारते,
ते सगळं खरं,
पण बंबाला काय घालू?
नमुना बेचाळीसमध्येही याचं उत्तर नाही.

फसलेला एक मोठा ठोकळा मी मागून आणला,
अण्णांना बसायला.
तीस वर्षं दुमडलेल्या गोणपाटावर
कंबर झिजवली त्यांनी.
बसले. उठले. पुन्हा बसले.
उंच होतंय, म्हणाले, कोयता तिरका पडतो.
तीन बोटं जास्त आहे.
मग ठोकळा टाचेखाली धरला
आणि चोय काढावी तशी
तीन बोटं एका ओढीत उतरवली.

तपकिरी भुगा फुटपाथभर.
आई केरसुणी घेऊन आली.
माझ्याकडे न बघता अण्णा म्हणाले,
विचार तुझ्या मॅडमला,
हा परत घेतात का.