‘द’ कुठं लावायचा

म्हापशात, फार्मसीच्या वरच्या मजल्यावर
बारा खुर्च्या, एक पांढरा फळा आणि जगाचा नकाशा.
त्यात गोवा म्हणजे कुणीतरी पेनानं मारलेला ठिपका,
तोही जरा समुद्रात पडलेला.

चार आठवड्यांत आम्ही टीचर होणार, परदेशातले.
लिपोकतुला हनोईला, ब्लेझ मस्कतला.
माझं अजून ठरायचंय.
अकरा वर्षं शिकवलं मी पेडण्यात,
एका दमात, फळ्याकडं तोंड करून.
इथं हॅल्डनसर मागच्या खुर्चीत घड्याळ लावून बसतात:
आज तू एकवीस मिनिटं बोललीस, वर्ग चार.
प्रश्न विचारलास की सात सेकंद गप्प राहा.
सात सेकंद!
तेवढ्यात आमच्या घरी एक भांडण होऊन मिटतं.

संध्याकाळी फुकट शिकायला माणसं येतात.
न्हाव्याच्या शिकाऊ पोराला मिळावीत तशी
आमच्या हाती त्यांची डोकी.
तिलक, कळंगुटच्या शॅकमधला आचारी.
यल्लव्वा, वाळूवर माळा विकते,
‘लुकिंग इज फ्री, मॅडम’ आमच्याहून फर्डं म्हणते.
आणि आग्नेलबाब, सदुसष्ट वर्षांचे,
जन्मभर पहाटे सायकलवरून पाव वाटलेले पोदेर.
त्यांचा नातू स्विंडनला. सहा वर्षांचा.
त्याला कोंकणी येत नाही, म्हणून हे येतात,
इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांच्या आधी.

मंगळवारी माझ्या वाट्याला ‘द’ आला.
दोघांनाही ठाऊक असेल त्या वस्तूला ‘द’,
एकालाच ठाऊक असेल तर ‘अ’,
असं सांगताना माझीच जीभ अडली.
आई म्हणायची, विहिरीवर जाऊन ये.
कुठल्या, असं आम्ही कधी विचारलं नाही.
आमच्याकडं ‘द’ नाही, तो दोघांच्या मधे
पाट मांडून बसलेला असतो,
काही न बोलता.

समुद्राला? यल्लव्वानं विचारलं.
लावायचा.
सूर्याला? लावायचा.
पोलिसाला?
लावायचा, म्हटलं, त्याला तर सगळेच ओळखतात.
वर्ग हसला. तिलक जरा कमी हसला.

मग आग्नेलबाबांनी वही पुढं केली.
फोनवर ऐकलेलं वाक्य, ऐकलं तसं लिहिलेलं:
ग्रँडपा, व्हेन आर यू कमिंग होम.
‘टीचर, हांगा ‘द’ खंय गेलो?’

होमच्या आधी काही लागत नाही, मी म्हटलं.
घरी येताना काही लावत नाहीत.
ते वाक्याकडं बघत राहिले.
‘पूण घर तर हांगा आसा.’

अर्थ कळला का ते तपासायला
कुठले प्रश्न विचारायचे, याची अख्खी यादी पाठ आहे मला.
त्यातला एकही पुढं आला नाही.
खालून शटर ओढल्याचा आवाज आला,
बाजारात कुणीतरी चवर्णाचे भाव पाडत होतं.
आग्नेलबाबांनी टोपण लावलं, काढलं,
आणि ‘होम’च्या आधी बारीकशी जागा सोडून
वाक्य पुन्हा लिहिलं.

नंतर हॅल्डनसर म्हणाले,
तिथं तू थांबलीस. नऊ सेकंद. छान.
वर शेरा: प्रश्नाचं उत्तर अपूर्ण.

शेवटच्या बसमधे दा नांगचं पत्र उघडलं.
पगार, विमा, आठवड्याला बावीस तास,
आणि राहायला ‘अ रूम’.
पुन्हा वाचलं. ‘अ’च होता.
खिडकीतून मोपाकडं उतरणारं विमान दिसलं,
आमच्या काजूंवरून, दिवे लावून,
इतकं खाली की आतली माणसं मोजता यावीत.

कंडक्टरनं कुठं ते विचारलं नाही,
तिकीट फाडून दिलं.
सुटे नव्हते त्याच्याकडं.
दोन रुपये राहिले हां, म्हणाला, फाल्यां दितां.
हो म्हटलं.
उद्या आहे मी. परवाही.
कोर्स शनिवारी संपतो.