पाच व्होल्ट

टक्. गप्प. टक्.
घणसोली गावठाणात, पिठाच्या गिरणीच्या वर,
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
ही डिस्क मंगळवारपासून अशी,
उचकी लागल्यासारखी.
निळा दिवा लागतो, फिरायला घेते,
दमते, विझते.

लॅपटॉप जुना. दोन पोर्ट,
एक मोडकं, दुसऱ्याला स्कॅनर कायमचा चिकटलेला.
म्हणून कुशीतल्या फटीत हे कार्ड सरकवलेलं,
वाशीहून घासाघीस करून आणलेलं.
पेनड्राइव्ह त्यावर सुखाने नांदतो.
हिचं मात्र पोट मोठं:
साडेबारा टक्क्यांच्या फायली, एकवीस घरांचे सातबारे,
आणि एक नकाशा, ज्यात सेक्टर नाहीत,
नुसती खाजणं.

केबल बदलली.
ड्रायव्हर काढून पुन्हा घातला.
कानाशी धरून हलवली, नारळ बघतात तशी.
रमाकांत मढवी म्हणाला, गेली ही, आता विसर्जन करा.
मी काही बोलले नाही.
त्याचाच सातबारा आत होता.

कोपरखैरण्याहून सेल्वराज आला.
डिस्क त्याने हातातही घेतली नाही,
कार्डाच्या कडेशी वाकून बघत राहिला.
तिथे एक बारीक गोल भोक.
तीन वर्षं मी ते हेडफोनचं समजत होते,
एकदा घालूनही पाहिले, बसले नाहीत.
"ताई, हा कान नाही. तोंड आहे."

फटीतून निरोप जातात-येतात, म्हणाला,
तेवढीच तिची ऐपत.
डिस्कला उठताना पहिला घास मोठा लागतो,
नंतर ती थोडक्यात भागवते.
मग स्कॅनर उपटून
त्या पोर्टातून आखूड तांबडी वायर
कार्डाच्या तोंडात.
म्हणजे वीज त्याच लॅपटॉपची,
फक्त मागच्या दाराने वाढलेली.

टक् आलं नाही.
वाटलं, संपलीच.
हात ठेवला तर थरथर, बारीक, सलग,
हिची की खालच्या गिरणीची, कळेना.
सेल्वराज खाली गेला, गिरणी थांबवली.
तांदूळ घेऊन बसलेल्या दोन बायका
त्याला आगरीत काय काय बोलल्या, त्याला कळलं नाही, बरं झालं.
थरथर राहिली.

फायली उतरताहेत.
पडदा म्हणतो पंचावन्न मिनिटं, मग अडतीस,
मग पुन्हा दोन तास.
स्कॅनर कोपऱ्यात उपाशी.
कुणी आधारकार्ड घेऊन जिना चढलं
तर सांगते, उद्या या.
आज लाइट आहे,
पण मोकळी नाही.