साकु

संकेश्वर स्टँडमागं गंगव्वाचं भज्यांचं दुकान.
फोनवर म्हणाली, 'लुमाण्णा, तेल तापतंय,
खरं थांबत नाही.'

आमच्या भागात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
त्यामुळं प्रत्येक तक्रारीच्या मधोमध
एक खरं असतंच.

मशीन सेकंडहँड,
हुक्केरीच्या बंद पडलेल्या हॉटेलातलं, दोन जाळ्यांचं.
बटणावरचे आकडे तिच्या बेसनाच्या बोटांनी
कधीच पुसून टाकलेत.
एकशेऐंशी इथं असेल, असं अंदाजानं धरलं
आणि माझा थर्मामीटर तेलात सोडला :
दोनशे बावीस.
मिरच्या बाहेरून काळ्या, आत पीठ कच्चं.

गॅस बंद केला. तेल निवेपर्यंत दोन चहा झाले.
मग तेल डब्यात उतरवून तळाशी हात घातला.
पेन्सिलीएवढा बल्ब,
त्याच्या शेपटाला केसासारखी नळी, नळीत थेंबभर द्रव.
तापला की फुगायचं, फुगला की आतला चिमटा सोडवायचा,
बर्नरला सांगायचं, बास.
एवढंच काम. खरं बल्बावर कार्बन चढलेला,
चिंचोक्याच्या सालीसारखा घट्ट.
कानात बोळा घालून बसलेल्याला
हाक उशिरा पोचते, तसं चाललेलं त्याचं.
हळूच खरवडला.
नळी मुरगळली की संपलं,
म्हणून श्वाससुद्धा बेतानं.

बाजूला दुसरा स्विच असतो.
पहिला चुकला तर सगळंच तोडून टाकणारा, शेवटचा.
त्याच्या दोन्ही टोकांना
लाल वायरचा तुकडा पिळून कुणीतरी त्याला मुका केलेला.

पीळ डावा.

निपाणीपासून गोकाकपर्यंत
डाव्या हातानं वायर पिळणारा मिस्त्री
मला तरी एकच माहीत आहे.

जत्रेचा दिवस. रांग पार रस्त्यापर्यंत.
स्विच सारखा उडत होता, गिऱ्हाईक ओरडत होतं.
'आजच्यापुरतं चालू कर बाबा,' ती म्हणाली होती.
'सोमवारी येऊन नवा बसवतो,' मी म्हणालो होतो.
त्या सोमवारचं मागिंदी काय झालं,
आठवत नाही.

वर पत्र्याला डाग. परातीएवढा.
'हे काय गंगव्वा?'
'पेटलं होतं की, दिवाळीच्या आधी. परात पालथी घातली.'
आणि तिनं पदर
कोपरापर्यंत ओढून घेतला.

वायर खिशात टाकली. नवा स्विच बसवला,
तेल ओतलं, पायलट पेटवला.
करंगळीएवढी निळी ज्योत.
तिच्या उबेवर चिमूटभर वीज तयार होते,
त्या चिमटीवर गॅसचं दार उघडं राहतं.
ज्योत विझली की दार बंद.
जागं असल्याची साक्ष तिला सारखी द्यावी लागते.
मला दोन वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

मी बटण फिरवत थर्मामीटर बघत होतो.
'तुझं यंत्र राहू दे,' म्हणत गंगव्वानं
पिठाचा थेंब तेलात सोडला.
ओंदु.
एरडु.
मूरु.
थेंब वर आला, गोल फिरला.
'साकु.'
एकशे एकोणऐंशी.
तिथंच बटण लावलं. आत टक् झालं,
बर्नर विझला.

बटणावर कानशीनं रेघ ओढली.
आकडा कोरला असता, तर कुठल्या लिपीत?
रेघ तिलाही वाचता येते, मलाही,
आणि तिच्याकडं कामाला असलेल्या बिहारच्या पोरालाही.

'मजुरी दोनशे,' मी म्हणालो.
'आणि स्विचचे?'
'ती जुनी बाकी.'
'कसली?'

तिनं पेपरच्या तुकड्यावर दोन मिरच्या ठेवल्या,
वर मीठ भुरभुरलं.
कागद तेलानं पारदर्शक होत गेला,
खालच्या टेबलाची फुली-फुली दिसायला लागली.

'गंगव्वा, ती वायर तवा मीच...'

'गोत्तु,' ती म्हणाली.
'खरं, आधी खा.'