दगडातले दोन ठिपके

आमच्या भाषेत तो नाही, ती नाही.
एकच सर्वनाम : इस.
नदीला इस, गाढवाला इस,
मेलेल्या माणसालाही इस.
कुताइसीत क्रियापद कुणाचे कपडे तपासत नाही.
म्हणून त्यांना वाकडी वाट करावी लागते.
पावाच्या रांगेत, मिनिबसच्या मागच्या बाकावर
'पुरुष' हा अख्खा शब्द
जास्तीचा खर्चावा लागतो.
खर्चतात. हात सैल सोडून.

त्सियालाला जाऊन आज एकेचाळीस दिवस.
चाळिसाव्याचं जेवण गावी झालं,
मला बोलावणं नव्हतं.
मेणबत्त्या जुन्या नावाने लावल्या.
ज्याने मारलं तो आमच्याच गल्लीतला.
त्याच्या आईला लोक पीठ, साखर नेऊन देतात,
बिचारी म्हणून.
ती खरंच बिचारी आहे.
हेही मलाच कळायचं होतं.

मी बाजाराच्या तोंडाशी किल्ल्या करते,
दीड मीटरच्या टपरीत.
त्सियालाच्या खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे.
घरमालकाने त्याच आठवड्यात कुलूप बदललं,
आणि नव्या कुलपाच्या जादा किल्ल्या
माझ्याकडेच करून घ्यायला आला.
करून दिल्या. सुट्टे परत केले.
मग मशीन बंद करून
बराच वेळ हात धुतले.

रोज सकाळी शटरवर काहीतरी लिहिलेलं असतं.
तिच्या स्वयंपाकघरातला उरलेला निळा
त्यावर मारते.
इतके थर झालेत
की शटर गुंडाळताना अडतं.
स्वतःला बजावून ठेवलंय :
प्रत्येक हसणं आपल्यावर नसतं.
तरी मोजते. मंगळवारी एकोणीस,
त्यातली चार माझी.
समोरची लोणचीवाली दिवसा म्हणते, असल्यांचं असंच व्हायचं.
अंधार पडला की म्हणते,
बाई गं, आज लवकर बंद कर.
दोन्ही वाक्यं एका घरात नांदत नाहीत.
मी नांदवते.

काल ओतिया आला, थडग्यांवर चेहरे कोरणारा.
गोदामाची किल्ली झिजली म्हणाला.
किल्ली धड होती. मी बोलले नाही.
मशीन फिरत होतं तेवढ्यात त्याने सांगितलं,
घरच्यांनी सोळाव्या वर्षीचा फोटो दिलाय,
टाय लावलेला. काळा दगड.
निम्मा चेहरा झालाय.
"कान टोचलेले होते का?"

होते.
डावा जरा खाली.
याच स्टुलावर बसून स्वतः टोचला होता,
सुई तापवून, मला शिव्या देत
कारण आरसा धरलेला माझा हात हलत होता.

ओतियाने तळहातावर पेन्सिलीने खूण केली.
"दोन ठिपके काढतो.
विचारलंच कुणी, तर म्हणेन
दगडात असतात असे."
पाच लारी ठेवले, घासाघीस न करता,
आणि माझ्याकडे न बघताच गेला.

टायची गाठ राहील. जुनं नावही राहील, ठळक,
पावसाने पुसेपर्यंत,
म्हणजे आमच्यापैकी कुणाच्याच हयातीत नाही.
डाव्या कानाचा ठिपका मात्र
जरा खाली.

आज शटरवर नवा शब्द आहे.
घाईत लिहिताना एक अक्षर चुकलंय.
डब्यात बोटभर निळा उरला होता.
सगळं झाकलं,
चुकलेलं अक्षर तेवढं उघडं ठेवलं.
मग शटर वर ढकललं.
अडलं.
पुन्हा ढकललं.