तीन मिलिमीटर

नाटक परागचं होतं, शब्द त्याचे.
दार माझं.
सड्यावरच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये
चार नंबरच्या लेथमागे
लोखंडी अँगल वेल्ड करून चौकट केली,
फळीला बारा एमएमचा प्लाय.
त्याच आठवड्यात सगळी सबमिशन तुंबलेली,
एम-थ्री दुसऱ्यांदा राहिलेला,
आणि मी रात्री नऊ वाजता बिजागऱ्यांना तेल घालतोय.

बागवे मेस्त्री कुलूप लावायला आले.
बाजारात म्हशीभोवती मारतात तशी
दाराभोवती एक फेरी मारली.
"प्लाय पाणी खाता रे. फट ठेय वायच."
मी म्हटलं, फट प्रेक्षकांना दिसते, सर.
ते किल्ल्या वाजवत निघून गेले.

नाटकात एवढंच होतं:
एक खलाशी सात वर्षांनी घरी येतो, दार वाजवतो.
आत त्याची बायको.
पस्तीस मिनिटं दोघं दाराच्या दोन बाजूंनी बोलतात,
शेवटी ती कडी काढते.

खलाशी म्हणजे सफवान होडेकर,
खाडीकाठी जन्मलेला
आणि तरीत पाय ठेवला की ओकणारा.
बायको उत्कर्षा ढोले, अकोट तालुक्यातली.
समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला
अ‍ॅडमिशनच्या दिवशी, एसटीच्या खिडकीतून,
तेव्हा म्हणाली होती, "एवढाच?"
तिचं मले-तुले काढता काढता परागचा घसा बसला.
मग त्याने ती बाईच वऱ्हाडातली करून टाकली
आणि दोन पानं नवीन लिहिली,
तीच नाटकातली सगळ्यात बरी.

कणकवलीला दार गेलं
सफवानच्या मामूच्या टेम्पोतून,
बांगड्याच्या खोक्यांवर आडवं.
त्याच्यावर आम्ही चौघं.
बर्फ वितळत होता.
नांदगाव येईपर्यंत माझी पँट भिजली,
मला थंडी वाजत होती,
मला प्लाय आठवला नाही.

तिसरी घंटा.
अंधारात बांगड्याचा वास
तिसऱ्या रांगेपर्यंत गेला असावा,
कारण तिथे एक बाई हसली आणि गप्प झाली.
पस्तीस मिनिटं सगळं जागच्या जागी.
मग उत्कर्षाने कडी काढली,
आणि दार उघडेना.

तिने ओढलं.
पलीकडून सफवानने खांदा लावला.
विंगेत मी, हातात पक्कड,
पक्कड इतकी निरुपयोगी मी आयुष्यात पाहिली नाही.

तिने हात सोडला.
तळवा प्लायवर ठेवला, भिजलेल्या जागेवरच,
आणि संहितेत कुठेच नव्हतं ते म्हणाली,
"फुगलं गा हे.
सात वर्सं कोनी उघडलंच नाही ना."

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग सफवान: "रवांदे.
मी हयसरच बसतंय."
बसल्याचा आवाज आला.
ती पण बसली, दाराला पाठ लावून.
लाईटवरच्या ग्रीष्माला फेड कधी घ्यायचा कळेना,
तिने तो इतका सावकाश घेतला
की अंधार झाला हे
आम्हाला टाळ्यांवरून समजलं.

परीक्षक म्हणाले,
न उघडणारं दार ही दिग्दर्शकाची प्रगल्भ निवड.
पराग मान लववून उभा.
मला नेपथ्याचं उत्तेजनार्थ,
प्रमाणपत्रावर आडनाव चुकलेलं.
परतताना टेम्पो रिकामा होता,
टॉर्च तोंडात धरून मी मोजलं:
तीन मिलिमीटर.

सोमवारी मेस्त्रींना सांगितलं, पाणी खाल्लं.
"मगे?"
बक्षीस मिळालं, सर.
तेव्हा ते हसले, चांगले खोकला येईपर्यंत,
आणि म्हणाले, "आता तरी फट ठेय."

आता मी चाकणला असतो, ड्रॉइंगं तपासतो.
टॉलरन्सच्या रकान्यावर माझा पेन जरा जास्त थांबतो,
एवढं सोडलं तर त्या रात्रीचं माझ्यात काही उरलेलं नाही.
परागला मी अजून सांगितलेलं नाही.

दार तिकडेच आहे,
मेसच्या मागे, पंपाच्या खोलीला.
पावसाळ्यात मेसवाले लाथ घालतात तेव्हा कुठे हलतं.
मे महिन्यात म्हणे
वाऱ्यानेही आपोआप उघडतं,
आणि ते पुन्हा पुन्हा आपटू नये म्हणून
कुणीतरी खाली जांभ्याचा एक चिरा लावून ठेवतं.