लग्नाचं कासव

ला दीग बेटावर तेव्हा रीतच होती:
मुलगी झाली की बाप
मुठीएवढं कासव आणायचा.
ती वाढेल तसं तेही वाढायचं,
आणि तिच्या लग्नात त्याचा रस्सा व्हायचा.

ओडेतचं लग्न ठरलं दोनदा.
एकदा नवऱ्यामुलाची होडी परतली नाही.
एकदा परतली,
पण हिनेच दार उघडलं नाही.
धार लावून ठेवलेली सुरी मग
नीरफणस चिरण्यातच झिजली.

आता ती ब्याऐंशीची. काठी, मोतीबिंदू.
कासव नुकतं कुठे वयात आल्यासारखं
टाकामाकाच्या सावलीत
मान लांब करून उभं राहतं: खाजव.
ती खाजवते.
सुरकुत्या कुठल्या कुणाच्या
बोटांना कळत नाही.

परवा मोजणीची पोरं आली,
पाठीवर पांढरा आकडा काढून गेली.
म्हणाली, आजी, फार थोडी उरलीत ही.
वय काय याचं?

"माझंच," ती म्हणाली.
"पण त्याला सांगू नका,
अजून शंभरेक वर्षं काढायचीत त्याला.
आणि हो,
सकाळी पपईची सालं लागतात.
तेवढं लिहून घ्या."